कामाची यादी आणि मतदारयादी

(दहावी १९९५च्या तुकडीच्या मेळाव्यात जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला 'समाजकार्य आणि राजकारण'. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरमधली, या विषयात मला कोण विचारतो? तर उत्तर आलं, "यादी तुझ्याकडे आहे ना, मग तूच बोल." ही यादी काय भानगड आहे ते आपल्या वर्गाला माहीत आहे. बाईंना आणि सरांना माहीत नसेल म्हणून आधी तेवढं सांगते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्यातल्या दहा-बारा जणांनी घरोघरी किराणा पोचवायला सुरुवात केली. एका घरी दोनदा तांदूळ आणि शेजारच्या घरी काहीच नाही, असं पहिल्याच आठवड्यात व्हायला लागलं, म्हणून मी एक साधा तक्ता केला. नाव, खोली नंबर, माणसं किती, लहान मूल आहे का, कुणाला साखरेचं किंवा रक्तदाबाचं औषध लागतं का, रेशनकार्ड आहे का, फोन नंबर. टाळेबंदी उठली, पण काम उठलं नाही. मुलांची फी, डायलिसिसला सोबत, दाखल्यांचे आणि नळजोडणीचे अर्ज असं ते वाढत गेलं आणि त्याबरोबर तक्ताही. आज त्यात साडेचारशेच्या आसपास कुटुंबं आहेत, भगतसिंग नगरपासून तीन डोंगरीपर्यंत.

आता या कामात पहिल्या दिवसापासून असलेल्या, खरं तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त राबलेल्या एका मैत्रिणीने ठरवलंय की महापालिकेची निवडणूक लागली की उभं राहायचं. निवडणूक कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून मुंबईला नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत आणि प्रकरण कोर्टात आहे. पण हिचं ठरलंय. आणि तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲप गटावर जे चाललंय ते मी बाईंसमोर वाचून दाखवणार नाही. एक जण रागाने गट सोडून गेला आणि चार दिवसांनी आजच्या जेवणाचा बेत विचारायला परत आला, एवढंच सांगते. ती स्वतः समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. काय बोलणार ते मी तिला आधी सांगितलंय. सगळं तिला पटलेलं नाही, पण "बोल" म्हणाली.

गटावर दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, चांगलं काम चाललंय, त्यात राजकारण आणून नासवू नका. दुसरी म्हणते, मग काय जन्मभर लोकांचे अर्जच भरत बसायचे? दोन्ही बाजूंची माणसं मी ओळखते आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पण हा वाद गोरेगावात चालावा याची मला गंमत वाटते, कारण या प्रश्नाचं एक उत्तर याच गावात, आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी जगून दाखवलेलं आहे.

मृणालताई गोरे. आपल्या पिढीने त्यांना पाहिलं ते पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या आजी म्हणून. त्या १९२८ मधल्या. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आल्या, बंडू गोऱ्यांशी लग्न झालं आणि गोरेगाव ही कर्मभूमी झाली. तेव्हा हे खरोखरच गाव होतं, ग्रामपंचायत होती आणि ताई तिच्या सदस्य होत्या. बायकांसाठी कुटुंब नियोजनाचं केंद्र त्या काळात चालवणं म्हणजे काय असेल याची कल्पना करून बघा. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. त्यांच्या नावाने आरे रोडवर केशव गोरे स्मारक उभं राहिलं. १९६१ मध्ये ताई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की 'पाणीवाली बाई' हेच नाव झालं.

इथे मला इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. पाण्याचा प्रश्न दोन प्रकारचा असतो, बादलीचा आणि पाइपाचा. एखाद्या चाळीत पाणी नाही, तर चार माणसं मिळून टँकर आणू शकतात, हंडे वाहू शकतात. ते समाजकार्य. पण मुख्य जलवाहिनी किती इंची टाकायची, ती कोणत्या रस्त्यावरून न्यायची, टाकी कुठल्या टेकडीवर बांधायची म्हणजे दाब पुरेल, हे अंदाजपत्रकात ठरतं. ज्या खोलीत ते ठरतं, तिथे एक तर तुम्ही स्वतः बसलेले असता, नाहीतर बाहेर उभे असता. मृणालताईंनी दोन्ही केलं. हंडे घेऊन बायकांना बाहेर उभं केलं आणि स्वतः आत जाऊन बसल्या. बाहेरच्यांना आत काय चाललंय ते कळायचं आणि आतल्यांना बाहेर किती बायका आहेत ते ऐकू यायचं.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच सुमाराला महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती झाली. अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, प्रमिलाताई दंडवते समाजवादी, आणखी कितीतरी जणी. लाटणी घेऊन मोर्चे निघाले. आपल्या शाळेतल्या दोन बाई त्या मोर्चात होत्या हे मला आज सकाळी चहाच्या वेळी कळलं. बाई, हे तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्राच्या तासाला का नाही सांगितलंत? पुस्तकातली राज्यपालांची कामं आम्ही नुसती पाठ करत बसलो.

मग आणीबाणी, भूमिगत राहणं, तुरुंग. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा आपल्या आईवडिलांच्या पिढीला अजून पाठ आहे. १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा, पुढे विरोधी पक्षनेतेपद. गर्भलिंग तपासणीविरुद्ध मुंबईत डॉक्टर आणि स्त्री-कार्यकर्त्यांची चळवळ चालू होती. त्या चळवळीचा विषय ताईंनी अशासकीय विधेयक म्हणून सभागृहात नेला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच्या आदल्या वर्षीचा.

आणि नागरी निवारा. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने शहरातली जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी सरकारकडे यायची होती. ती यावी आणि त्यावर खरोखर गरिबांचीच घरं व्हावीत म्हणून मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्ट लढवलं आणि दिंडोशीच्या टेकडीवर सहा हजारांहून अधिक घरं उभी केली. या सभागृहातले निदान चार जण तिथे वाढले. तेव्हा 'राजकारण घाण असतं' असं गटावर लिहिणाऱ्या माझ्या मित्रा, तुझं लहानपणचं घर राजकारणाने दिलेलं आहे. (तो हसतोय, म्हणजे रागावला नाही.)

पण ताईंची गोष्ट मी सांगतेय ती केवळ कौतुकासाठी नाही. मला त्यातली एक बाब फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. नगरसेवकपद गेलं, आमदारकी आली, गेली, खासदारकी आली, गेली, पुन्हा आमदारकी आली. समाजवादी पक्षाचं जनता पक्षात विलीनीकरण झालं, पुढे त्याचीही शकलं झाली. स्मारक मात्र आरे रोडवर होतं तिथेच राहिलं. १९८३ मध्ये संकटातल्या बायकांसाठी 'स्वाधार' सुरू झालं, तेव्हा तिथे येणारीला 'तुझं मत कुणाला' हे कुणी विचारायचं नाही, अशीच त्या कामाची रीत होती. निवडणूक हरलं म्हणून काम बंद पडलं नाही आणि जिंकलं म्हणून ते पक्षाचं कार्यालय झालं नाही. २०१२ मध्ये ताई गेल्या, काम आजही आहे.

आता गोरेगावच्या थोडं बाहेर जाऊ. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने या महिन्याची पगाराची पावती डोळ्यांसमोर आणा. भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, आणि खाली एक छोटी कपात असते, व्यवसाय कर. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. आमच्या कंपनीतली नवी मुलं दर फेब्रुवारीला मला विचारतात, हे शंभर रुपये जास्त का कापले? पण हा कर मुळात कशासाठी आला हे कुणी विचारत नाही. तो १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावात काम मागेल त्याला काम मिळायचं.

ही योजना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, गांधीविचाराचे गृहस्थ. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. सभापती म्हणजे घंटी वाजवून 'शांतता राखा' म्हणणारा माणूस असं आपल्याला वाटतं. पागेंनी साठच्या दशकात आपल्या विसापुरात आधी प्रयोग करून पाहिला. १९७२च्या दुष्काळात त्या विचाराची राज्याला गरज पडली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशाच्या रोजगार हमीच्या कायद्याला हाच नमुना होता. आमच्या भाषेत सांगायचं तर एका गावात चाचणी, मग राज्यात, मग देशभर. गावातला प्रयोग हे समाजकार्य, कायदा हे राजकारण. यातलं कुठलं एक पागेंनी सोडलं असतं तर चाललं असतं?

उलट दिशेचंही उदाहरण आहे. नानाजी देशमुख, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, जनसंघाचे मोठे संघटक. १९७७ मध्ये खासदार झाले, मंत्रिपद घेतलं नाही, आणि साठी उलटल्यावर सत्तेचं राजकारण सोडून गोंडा आणि मग चित्रकूटच्या खेड्यांत काम करायला गेले. मी मुद्दाम तीन वेगवेगळ्या घरची माणसं सांगितली, समाजवादी, काँग्रेसी आणि जनसंघी. आता माझा पक्ष कुठला यावर गटावर संशोधन करू नका.

तर मग ज्याने त्याने उभं राहावं का? इतकं सोपं नाही. इरोम शर्मिला यांनी मणिपूरमध्ये लष्कराच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषण केलं. नाकात नळी घालून त्यांना जगवलं जायचं. ऑगस्ट २०१६ मध्ये उपोषण सोडून त्या म्हणाल्या, आता निवडणूक लढवून हा कायदा हटवते. २०१७ मध्ये थौबल मतदारसंघातून मुख्यमंत्र्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. मतं पडली ९०. नऊशे नाही, नव्वद. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. मेधाताई पाटकर २०१४ मध्ये आपल्याच मुंबईत, ईशान्य मुंबईतून लढल्या आणि तिसऱ्या आल्या. त्याच वर्षी आमच्या क्षेत्रातले नंदन निलेकणी बंगळुरू दक्षिणमधून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले, आणि तेही शहरातल्या हजारो लोकांना आयटीत रोजगार मिळवून देणाऱ्या कंपनीचे संस्थापक असताना.

याचा अर्थ लोक कृतघ्न असतात असा मी घेत नाही. आदर एक आहे आणि मत दुसरं. मत देताना माणूस विचारतो, गटार तुंबलं तर हा फोन उचलेल का? पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर येईल का? शर्मिलांचं आयुष्य एका इस्पितळाच्या खाटेवर गेलं होतं. त्यांच्याविषयी लोकांना श्रद्धा होती, रोजची ओळख नव्हती. आमच्या मैत्रिणीचं उलटं आहे. तिच्याविषयी श्रद्धा वगैरे कुणाला नाही, पण रात्री साडेअकराला तिचा फोन लागतो. म्हणून मला वाटतं, तिला नव्वदपेक्षा जास्त पडतील.

आता दिल्लीचं उदाहरण, जे गटावर रोज दोन्ही बाजूंनी येतं. अरविंद केजरीवाल, खरगपूर आयआयटीचे इंजिनिअर, महसूल सेवेतले अधिकारी, माहिती अधिकाराच्या कामासाठी २००६ मध्ये मॅगसेसे. २०११चं लोकपाल आंदोलन, रामलीला मैदान, आपल्यातले किती जण तेव्हा टोपी घालून आझाद मैदानात गेले होते ते मला माहीत आहे, फोटो आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पक्ष झाला, अण्णा हजारे बाजूला राहिले. २०१३ मध्ये सत्तरपैकी २८ जागा, २०१५ मध्ये ६७. पुढच्या महिन्यात तिथे पुन्हा मतदान आहे. ते सरकार चांगलं की वाईट यात मी शिरत नाही, नाहीतर आपलं जेवण थंड होईल. मला दुसरंच दिसतं. ज्या लोकपालासाठी सगळं झालं, तो कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षं विचारणारं कोण होतं? निम्मे कार्यकर्ते पक्षात गेले होते, निम्मे त्यांच्यावर रुसून घरी बसले होते. २०१८ मध्ये अण्णा पुन्हा रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा पूर्वीची गर्दी नव्हती. गोरेगावात आत जाणारी बाई आणि बाहेरच्या बायका दोन्ही टिकल्या. तिथे बाहेर कुणी उरलं नाही.

बाहेर राहून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. पाणी हक्क समिती निवडणुकीत उतरली नाही, उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मे २०२२ पासून 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. आपण गेली दोन-अडीच वर्षं जे नळजोडणीचे अर्ज भरतोय ते याच धोरणाखाली. म्हणजे आपण भरतो त्या प्रत्येक अर्जामागे कुणाची तरी आठ-दहा वर्षांची चिकाटी आहे. अर्ज भरण्याला कमी लेखणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

आणि ज्याची सगळ्यांना भीती आहे तोही प्रकार बोलून टाकते. स्टेशनबाहेर फलक लागतो, 'समाजसेवक' अमुक अमुक यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. गोरेगावात 'समाजसेवक' या शब्दाचा अर्थ आता 'अजून तिकीट मिळालेलं नाही' असा झालाय. जूनमध्ये वह्या वाटायच्या, वहीवर आपला फोटो, म्हणजे मुलाने वर्षभर गणित त्या फोटोखाली सोडवायचं. हळदीकुंकू, शिर्डीची बस, चष्मे. यातल्या प्रत्येक गोष्टीचा कुणाला तरी उपयोग होतो, म्हणून मी त्याची थट्टा एका मर्यादेपलीकडे करत नाही. पण तिथे यादी आधी मतांची असते आणि काम त्यावरून ठरतं. कुठल्या गल्लीत किती मतं, त्यावर किती वह्या.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे आपल्या यादीवर.

मागच्या महिन्यात मैत्रिणीने मला विचारलं, "यादी मला देशील ना?" मी नाही म्हटलं. ती दुखावली. तिचं म्हणणं असं, "ही माणसं मला ओळखतात. यातल्या निम्म्या घरांत मी स्वतः गेलेय, तुझा तक्ता मीच भरलाय. मी मत मागितलं तर त्यात फसवणूक काय?"

फसवणूक काहीच नाही. तिने त्या प्रत्येक दारावर जावं आणि मत मागावं. दार उघडणाऱ्याला 'बघू' म्हणता येतं, 'आमचं ठरलंय' म्हणता येतं. पण माझ्या तक्त्यात नुसती नावं नाहीत. कुणाच्या मुलीची फी आपण भरतो, कुणाचा नवरा दारू पितो म्हणून पैसे बायकोच्याच हातात द्यायचे, कुणाची कागदपत्रं अपुरी आहेत, हे सगळं आहे. लोकांनी ते तांदूळ आणि औषध मिळावं म्हणून सांगितलं. ज्या बाईला माहीत आहे की येत्या जूनमध्येही फी लागणार आहे, तिच्या दारात तो कागद हातात घेऊन कुणी मत मागायला आलं तर ती नाही कशी म्हणेल? तिने मनापासून हो म्हटलं तरी ते मनापासून आहे हे आपल्याला कधी कळणार नाही. आणि मैत्रिणीलाही कळणार नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

२०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला आहे, त्याच्या नियमांचा मसुदा याच महिन्यात आला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, असं त्याचं मूळ सूत्र आहे. पण मी कायद्याचा धाक घालत नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी एक साधी पद्धत आहे. माणूस एका गटातून दुसऱ्या गटात गेला की त्याच दिवशी जुन्या कामाचा पासवर्ड बंद होतो. तो कितीही विश्वासू असो, वीस वर्षांचा जुना असो. त्याला कुणी अविश्वास समजत नाही. उलट पुढे काही गडबड झाली तर त्याच्यावर संशय येत नाही.

मतदारयादी निवडणूक आयोगाकडे मिळते, सर्वांना मिळते. तिला ती वापरू दे. कुठल्या पानावर कोण, कुठली इमारत, हे शोधायला मी रात्रभर बसेन, माझं स्वतःचं मतही तिलाच आहे आणि सुट्टी काढून तिच्याबरोबर जिने चढेन. पण माझ्या नावाने, आपल्या कामाच्या नावाने नाही.

पैशांचंही असंच. आपलं खातं तिघांच्या नावावर आहे, त्यात ती एक आहे. उमेदवारी जाहीर व्हायच्या आधी तिने सही काढून घ्यावी असं मी सुचवलं आणि हे तिला लगेच पटलं. अमेरिकेतून आलेल्या मित्रांसाठी एक सूचना. परदेशी देणग्यांच्या कायद्यात भारतीय पासपोर्ट असलेल्याने तिथल्या कमाईतून पाठवलेले पैसे परदेशी धरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेल्याचे धरतात, मग तो आपल्याच बाकावर बसलेला का असेना. म्हणून आपण कामासाठीही ते घेत नाही. उमेदवाराला तर असे पैसे घ्यायला साफ मनाई आहे. तेव्हा प्रेमाने पाकीट तिच्या हातात देऊ नका. तिच्या पोरांना चॉकलेट द्या.

तिने मला एक उलट प्रश्न विचारला, तो इथे सांगायलाच हवा. ती म्हणाली, "समजा मी निवडून आले. आणि तुमच्यातलं कुणी एखाद्या घराचं काम घेऊन माझ्याकडे आलं, तर ते मी आधी करायचं की रांगेत?" यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. मी म्हटलं, रांगेत. ती म्हणाली, "मग तुम्हीच मला शिव्या घालाल." बहुधा घालू. मृणालताईंच्या बायकांनीही कधीतरी त्यांना सुनावलं असेलच. ती आत गेली तर आपण हंडा घेऊन बाहेर उभं राहायला मोकळे राहिलो पाहिजे, आणि तिच्याविरुद्धही उभं राहता आलं पाहिजे. तीस वर्षांच्या मैत्रीत हे कसं जमेल ते मला ठाऊक नाही, पण काम आणि उमेदवारी एकाच खात्यात राहिली तर नक्कीच जमणार नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी आणि मी थांबते. खात्यावर तिच्या जागी सहीसाठी एक नाव हवं आहे. गोरेगावात राहणारंच हवं, कारण चेकवर सही करायला दर वेळी कुणी पुण्याहून येऊ शकत नाही, आणि सॉफ्टवेअरवाला नसलेला बरा, आम्ही रात्री फोन उचलत नाही. दुसरं म्हणजे डायलिसिसच्या सोबतीची मंगळवारची पाळी आतापर्यंत तिचीच होती. सिद्धार्थ नगरचे काका आहेत, सकाळी सातला निघावं लागतं, परत यायला एक वाजतो, आणि त्यांना वाटेत गप्पा मारणारं माणूस लागतं. पुढच्या मंगळवारपासून कोण जाणार, ते जेवणाआधी मला सांगा.